‘माझ्यासमोर तर काही होत नाही’

हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलंय. घरी घरघर करणारा मिक्सर रिपेअरवाल्याच्या टेबलावर शहाण्यासारखा चालतो. रात्रभर तापाने फणफणलेलं पोर दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या खेळायला लागतं. वाय-फायवाला दारात आला की स्पीड फुल. मग समोरचा जाणकार म्हणतो, ‘माझ्यासमोर तर काही होत नाही.’

वाक्य साधं आहे, पण त्यात दोन गोष्टी एकात एक मिसळलेल्या असतात. एक, मला काही दिसलं नाही. दोन, म्हणजे तसं काही नाहीच, तुम्हालाच वाटतंय. पहिली गोष्ट त्याच्या डोळ्यांबद्दल आहे आणि खरी आहे. दुसरी तुमच्याबद्दल आहे, आणि ती खरी असेलच असं नाही. एकीवरून दुसरीवर उडी मारायचा अधिकार जाणकाराला कधी मिळतो? आणि मिळत नसेल, तर तक्रार घेऊन आलेल्या माणसाचं तो काय देणं लागतो?

हा प्रश्न मी एका उभ्या गाडीच्या निमित्ताने मांडणार आहे. गाडी छोटी गोष्ट आहे, तिच्यात कुणाचा जीव जात नाही. म्हणून डोकं शांत ठेवून विचार करता येतो. मोठ्या गोष्टींकडे नंतर येऊ.

शहादा तालुक्यातल्या एका गावात माझे मामा-मामी राहतात. त्यांच्याकडे सात-आठ वर्षं जुनी हॅचबॅक आहे. गेल्या वर्षी ती अधूनमधून सकाळी सुरू होईना. किल्ली फिरवली की नुसतं ‘टक टक’. शेजाऱ्याच्या गाडीवरून जंप दिला की लगेच स्टार्ट, आणि मग पंधरा-वीस दिवस काही नाही. पुन्हा एका सकाळी ‘टक टक’.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. किल्ली काढलेली गाडी बंद नसते, झोपलेली असते. घड्याळ चालू असतं, सेंट्रल लॉकचा रिसीव्हर रिमोटच्या सिग्नलची वाट बघत असतो, चोरीचा अलार्म जागा असतो. या सगळ्यांना मिळून थोडासा करंट लागतो. साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर सगळं ठीक, असं धरतात. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची असते. ३० मिलिअँपिअरने दिवसाला पाऊण अँपिअर-अवरही खर्च होत नाही, म्हणजे गाडी महिनाभर उभी राहिली तरी चालेल. पण काहीतरी जागं राहिलं आणि दीड अँपिअर ओढायला लागलं, तर बारा तासांत १८ अँपिअर-अवर संपतात. नंदुरबारकडचा उन्हाळा चाळीशी सहज ओलांडतो आणि बॅटरीला थंडीपेक्षा उष्णताच जास्त लवकर म्हातारी करते. असे दोन-तीन उन्हाळे काढलेल्या बॅटरीला एवढी एक रात्र पुरते.

म्हणजे रोग सरळ आहे: रात्री कोणीतरी करंट खातंय. अवघड आहे ते खाणाऱ्याला पकडणं, कारण शोधायला गेलं की तो बदलतो. नेहमीची पद्धत अशी: बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, मध्ये मीटर लावायचं आणि आकडा बघायचा. पण वायर काढली की गाडीतले सगळे कंट्रोल युनिट रीसेट होतात, आणि जो अडकून जागा राहिला होता तो परत लावल्यावर शहाण्यासारखा झोपतो. फ्यूज एकेक काढून बघावं तर तेच. आतल्या फ्यूज बॉक्सपर्यंत जायला दार उघडावं, तर दार उघडल्यामुळेच अर्धी गाडी जागी होते. म्हणून चांगले वायरमन दाराचं लॉक स्क्रू-ड्रायव्हरने दाबून ‘दार बंद आहे’ असं गाडीला भासवतात, अर्धा-पाऊण तास गप्प बसतात, आणि मग वायर न तोडता वरून क्लॅम्प मीटर लावतात किंवा फ्यूजच्या दोन टोकांवरचे मिलिव्होल्ट मोजतात. थोडक्यात, गाडीला आपण तिथे आहोत हे कळू द्यायचं नाही.

माझ्या व्यवसायात याला हायझेनबग म्हणतात. तपासायला गेलं की गायब होणारा बग. संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांच्या १९८५ सालच्या एका निबंधात या शब्दाची चर्चा आहे. प्रोग्रॅम कुठे अडखळतो हे बघायला मधे एक ओळ प्रिंट करावी, तर त्या ओळीला लागणाऱ्या क्षणभराच्या वेळामुळेच तो अडखळायचा थांबतो. अशा तक्रारींचा शेवट कंपन्यांमध्ये बहुतेक वेळा एका शिक्क्याने होतो: ‘रिप्रोड्यूस होत नाही’. शिक्का बसला की तिकीट बंद.

मामांच्या गाडीला असे दोन शिक्के बसले. पहिल्या गॅरेजने बॅटरी बदलून दिली, साडेचार हजार. तीन आठवड्यांनी ‘टक टक’. दुसऱ्या गॅरेजने गाडी दोन दिवस ठेवून घेतली, अल्टरनेटर तपासला, रात्रीचा करंट मोजला. दोन्ही दिवशी आकडा अगदी व्यवस्थित. गाडी परत देताना मामीला सांगितलं, ‘ताई, गाडीत काही नाही. तुम्ही आतला लाइट चालू ठेवत असाल.’ मामी म्हणत होती की हे बाजाराच्या आदल्या रात्री होतं. यावर दोन माणसं हसली.

त्या गॅरेजने मोजण्यात काही चूक केली नव्हती, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मीटर खरं होतं, आकडा खरा होता. चूक त्या आकड्यावरून काढलेल्या वाक्यात होती.

या चुकीवर आपल्याकडे फार जुना आणि फार बारीक विचार झालेला आहे. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक ज्ञानाची सहा साधनं मानतात. त्यातलं सहावं म्हणजे अनुपलब्धी: एखादी गोष्ट न दिसणं हेही ज्ञान देतं. जमिनीवर घडा नाही हे आपल्याला कसं कळतं? बघितलं आणि दिसला नाही, म्हणून. पण लगेच अट येते. ते न दिसणं ‘योग्य’ हवं. म्हणजे घडा तिथे असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे नीट हवेत, मध्ये भिंत नको. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, तर घडा नाही हे सिद्ध होत नाही. अंधार आहे एवढंच सिद्ध होतं.

ही अट गॅरेजला लावून बघा. ‘आम्ही मोजलं, करंट गळत नाही’ यावरून ‘गाडीत दोष नाही’ म्हणायचं असेल, तर आधी दाखवावं लागेल की दोष असता तर तो आमच्या गॅरेजमध्ये, आमच्या फरशीवर, त्या दोन रात्रींत दिसलाच असता. अधूनमधून होणाऱ्या दोषाबद्दल हे कोणीच दाखवू शकत नाही, निदान तो कधी होतो हे कळल्याशिवाय नाही. आणि ते ज्या माणसाला माहीत होतं, तिच्यावर लोक हसले होते.

तिसरा वायरमन आयटीआय केलेला, तिशीतला, घरी पावरी बोलणारा. तो घरी आला, संध्याकाळी दोन तास बसला, क्लॅम्प लावला. आकडा पुन्हा व्यवस्थित. मी तेव्हा सुट्टीत तिथेच होतो. तो म्हणाला, ‘मामा, आज मला सापडत नाहीये. पण मावशी सांगतात तर होत असणार. मावशी, कधी कधी झालं ते आठवतं का?’

मामीने भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. दुधाच्या हिशोबाच्या चौकटींतच तिने बारीक अक्षरात ‘गाडी’ असं लिहिलेलं होतं. चार महिन्यांत सहा वेळा. तोवर कोणी विचारलं नव्हतं. त्यातल्या पाच सकाळी आठवडी बाजाराच्या होत्या. सहावी नव्हती. सहाव्या वेळी ते प्रकाशाला एका नातेवाइकाच्या दशक्रियेला गेले होते आणि रात्री तिथेच राहिले होते.

बाजार आणि प्रकाशा यांत समान काय? वायरमनने विचारलं, ‘गाडी कुठे लावता?’ बाजाराच्या दिवशी पहाटेपासून घरासमोर दुकानं लागतात, म्हणून मामा आदल्या संध्याकाळीच गाडी मागच्या गल्लीत नेतात. तिथे नाल्याकडे उतार आहे, एक चाक कडेच्या दगडावर चढतं. आणि प्रकाशाला? तापीच्या अंगाने जागा नदीकडे उतरतेच, गाडी तिरकी उभी होती.

त्याने गाडी मागच्या गल्लीत त्याच दगडावर लावायला सांगितली. डिकीत माझा फोन व्हिडिओ चालू करून ठेवला, डिकी बंद केली. दहा मिनिटांनी उघडून बघितलं. व्हिडिओत डिकी बंद होताना लाइट विझतो, काळोख होतो, आणि थोड्या वेळाने लाइट पुन्हा लागतो. एक चाक वर चढल्यावर गाडीचा सांगाडा किंचित पिळला जात होता आणि डिकीच्या झिजलेल्या लॉकमधला छोटा स्विच सुटत होता. गाडीला वाटत होतं डिकी उघडी आहे, म्हणून ती झोपत नव्हती. क्लॅम्पवर दीड अँपिअर. सकाळी जंप देऊन गाडी सपाटीवर आणली की स्विच परत दाबला जायचा आणि खूण पुसली जायची. गॅरेजची फरशी सपाट. तिथे हा दोष शंभर रात्री दिसला नसता.

मामी ‘बाजार’ म्हणत होती तेव्हा ती चूक होती की बरोबर? बाजारामुळे बॅटरी उतरत नव्हती. पण ‘बाजाराच्या आदल्या रात्री उतरते’ हे तिचं निरीक्षण सहापैकी पाच वेळा खरं होतं, आणि सहाव्या वेळी ते जुळलं नाही म्हणूनच खरं कारण हाती लागलं. तक्रार करणारा माणूस दोन गोष्टी सांगत असतो: काय झालं आणि का झालं. ‘का’ बहुतेक वेळा चुकतं, कारण ते सांगायला यंत्र आतून माहीत असावं लागतं. ‘काय’ आणि ‘कधी’ मात्र त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं, कारण तिथे तोच होता. आपण ‘का’ हास्यास्पद वाटलं म्हणून ‘काय’ही फेकून देतो. जाणकारांच्या हातून घडणारा हा सगळ्यात नेहमीचा अन्याय आहे, आणि तो करताना त्यांना आपण कठोर वागतोय असं वाटतही नाही. आपण शास्त्रीय वागतोय असं वाटतं.

इथे परत जुन्या लोकांकडे जावंसं वाटतं. न्यायदर्शनात विश्वासू माणसाचा शब्द हेही ज्ञानाचं साधन आहे. असा माणूस म्हणजे आप्त. आप्त कोण, याचा खुलासा करताना भाष्यकार वात्स्यायन अट घालतात ती दोनच गोष्टींची: त्याने ती गोष्ट स्वतः जाणलेली असावी, आणि जशी जाणली तशी सांगायची त्याची इच्छा असावी. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू आहे, असंही ते स्पष्ट म्हणतात. शिक्षण, जात, भाषा, बोलण्याचा ठसका यांचा त्यात उल्लेख नाही. गाडी रोज बघणारी आणि कॅलेंडरवर लिहून ठेवणारी मामी त्या गाडीपुरती आप्त ठरते. दोन दिवस मीटर लावून बसलेला माणूस त्या दोन दिवसांपुरता आप्त.

गाडीत हे सगळं साडेचार हजारांवर निभावलं. आता मोठी गोष्ट. थेरॅक-२५ हे कॅन्सरवर किरणोपचार करणारं कॅनडात बनलेलं यंत्र होतं. १९८५ ते १९८७ या काळात त्याच्याकडून किमान सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मोठे डोस गेले आणि त्यांतले काही दगावले. टेक्सासमधल्या टायलर या गावी मार्च १९८६ मध्ये एका रुग्णाला उपचारादरम्यान विजेचा झटका बसल्यासारखं झालं. पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ असं आलं होतं. इंजिनिअर आले, त्यांनी यंत्र तपासलं. ५४ पुन्हा आलं नाही. जास्त डोस जाणं शक्यच नाही, असं सांगण्यात आलं. झटका म्हणतोय तर वीज गळते का, तेही बघितलं. गळत नव्हती. एप्रिलमध्ये यंत्र पुन्हा सुरू झालं आणि काही दिवसांतच त्याच खोलीत दुसऱ्या रुग्णाला तसंच झालं.

या वेळी हॉस्पिटलचा भौतिकशास्त्रज्ञ त्या यंत्रावर काम करणाऱ्या ऑपरेटर बाईंबरोबर बसला. दोघांनी मिळून त्या दिवशी काय काय टाइप केलं होतं ते पुन्हा पुन्हा केलं. सापडलं ते असं: उपचाराचा प्रकार चुकीचा टाइप झाला आणि तो साधारण आठ सेकंदांच्या आत दुरुस्त केला, तर सॉफ्टवेअरच्या एका भागाला तो बदल कळतच नसे. हळू टाइप करणाऱ्याला हा दोष कधीच दिसला नसता. रोज तेच काम करून बोटं सरावलेल्या बाईंना तो दिसत होता. इंजिनिअरांकडे कोड होता, आकृत्या होत्या, उपकरणं होती. पण दोष त्या वेगात होता, आणि तो वेग फक्त तिच्या बोटांत होता. रुग्णाचं ‘झटका’ हे कारण चुकीचं होतं, वीज गळत नव्हती. ‘मला काहीतरी भयंकर झालं’ हे मात्र शंभर टक्के खरं होतं. नाल्याकडची गल्ली आणि टायलरची ती खोली यांत मला एकच रचना दिसते.

यावर एक रास्त आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. प्रत्येक तक्रार खरी मानायची म्हटलं तर धंदा कसा करायचा? दिवसाला आठ गाड्या बघणाऱ्या वायरमनने प्रत्येकीसाठी कॅलेंडर मागवून बसायचं का? काही लोकांना खरंच भास होतात, काही खोटं बोलतात, काही वॉरंटीत फुकट काम करून घ्यायला येतात. शिवाय फार विश्वास ठेवण्याचेही तोटे आहेत. ‘काहीतरी आहे म्हणतायत ना’ म्हणून पहिल्या गॅरेजने बॅटरी बदललीच होती. न कळता पार्ट बदलत सुटणं हाही गिऱ्हाइकाचा खिसा कापण्याचाच प्रकार.

मला हा आक्षेप अर्धा मान्य आहे. विश्वास ठेवणं म्हणजे शोधायची हमी देणं नव्हे. वेळ, पैसा, उपकरणं यांना मर्यादा आहेत आणि कुठेतरी थांबावंच लागतं. पण थांबायचे दोन प्रकार असतात. ‘मला सापडलं नाही, मी इथे थांबतो’ हा एक. ‘काही नाहीये, तुम्हीच काहीतरी करताय’ हा दुसरा. दोन्हींना वेळ सारखाच लागतो, पैसेही सारखेच. पहिल्यात शोध उघडा राहतो: पुढचा वायरमन जिथे हा थांबला तिथून सुरू करू शकतो. दुसऱ्यात तो बंद होतो, आणि वर दोष यंत्रातून उचलून माणसावर टाकला जातो. दुसऱ्या गॅरेजमधून आल्यावर मामीने बाजाराचं नाव काढणं सोडून दिलं होतं. लिहिणं तेवढं सोडलं नव्हतं, हे आमचं नशीब.

म्हणून जाणकाराचं देणं मला फार मोठं वाटत नाही. न सापडणं आणि नसणं वेगळं ठेवायचं. कुठे, कधी, कसं तपासलं ते सांगायचं, म्हणजे कुठे तपासलं नाही तेही कळतं. ‘का’ कितीही विचित्र असलं तरी ‘कधी’ लिहून घ्यायचं. आणि ज्याची खात्री नाही त्या खात्रीचे पैसे घ्यायचे नाहीत. त्या संध्याकाळी, काही सापडायच्या आधी, वायरमनने येण्या-जाण्याचे दीडशेच मागितले होते.

हे देणं चुकवण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. नंदुरबार जिल्ह्यात भिल्ल, पावरा या समाजांत सिकलसेल बरंच आढळतं. आई आणि वडील दोघांकडून जनुक आलं तर हा आजार होतो. तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदनांचा झटका येतो. पाणी कमी पडलं, थंडी वाजली, ताप आला, अंगमेहनत जास्त झाली की येतो, कधी काही कारण नसतानाही येतो. मधल्या काळात तोच माणूस चारचौघांसारखा हिंडतो-फिरतो. रक्त तपासून सिकलसेल आहे की नाही ते पक्कं कळतं, आणि २०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत अशी तपासणी मोठ्या प्रमाणावर करायचं ठरलेलं आहे. पण आत्ता, या क्षणी याला किती दुखतंय, हे सांगणारी एकही तपासणी नाही. तिथे शब्दाशिवाय दुसरं साधनच नाही.

आता विचार करा. धडगावच्या डोंगरातून घाट उतरून कोणी मुलाला नंदुरबारला आणतं, किंवा ऊसतोडीला गुजरातेत गेलेला मजूर तिथल्या दवाखान्यात जातो, जिथे त्याची भाषाही कोणाला येत नाही. पोचेपर्यंत कळ ओसरलेली असू शकते. टेबलापलीकडून ‘आता तर बरा दिसतोय’ एवढं म्हटलं गेलं, तर त्याचा अर्थ काय होतो? दवाखान्याची फरशी सपाट आहे, एवढाच. पण तो मुलगा त्याचा अर्थ ‘माझ्या दुखण्यावर यांचा विश्वास नाही’ असा घेईल आणि पुढच्या झटक्याला घाट उतरणार नाही. न दिसणाऱ्या दोषाला ‘नाही’ म्हणण्याने दोष जात नाही. तो सांगणारा गप्प होतो. आणि अधूनमधून होणाऱ्या दोषाबद्दलची सगळी माहिती त्याच्याकडेच असते.

शेवटची एक गोष्ट ‘दुरुस्त झालं’ या वाक्याबद्दल. तेही एक न दिसणंच आहे: आता होत नाही. त्यालाही तीच अट लागू. वायरमनने स्विच बदलला, लॉकची पट्टी सरळ केली, सगळं मिळून सहाशे रुपये. मग त्याने मामांना सांगितलं की गाडी निदान चार बाजार त्याच उतारावर, त्याच दगडावर चाक चढवून लावा. सपाटीवर लावून ‘आता होत नाही’ म्हणू नका. चार बाजार झाले. त्यानंतर त्याने बिलावर लिहून दिलं, ‘डिकी स्विच बदलला. उतारावर चार रात्री तपासलं. करंट ठीक.’ अक्षर वाईट होतं. पण जाणकाराने लिहिलेलं इतकं नेमकं वाक्य मी आमच्या ऑफिसच्या सिस्टीममध्येही फार कमी वेळा वाचलंय.